मागून येणारा हॉर्न

विसरवाडी
१२ जानेवारी २०२५

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

तुझी बदली झाल्यापासून फोनवर धड बोलणंच होत नाही. तू टेकडीवर चढून फोन लावतेस, आवाज मध्येच तुटतो, तू एक विचारतेस आणि मी भलतंच सांगतो. त्यापेक्षा पत्र बरं. माझ्या साध्या फोनवर मराठी लिहिता येत नाही, ते तुला माहीतच आहे. तुझी आई लग्नानंतर माहेरी कार्डं पाठवायची. तिची आठवण झाली आणि पोस्टातून अंतर्देशीय पत्रं घेऊन आलो. तिथली मुलगी म्हणाली, "काका, ही हल्ली कोणी मागत नाही."

गाडी बरी चालली आहे. विसरवाडी ते खांडबारा, दिवसभर तेच. थंडी फार म्हणून जीपला मागे आणि बाजूला ताडपत्रीचे पडदे बांधून घेतले. पहाटेच्या फेरीला बाया मेथी, कोथिंबीर घेऊन चढतात. त्या उतरल्या तरी वास गाडीत राहतो. तेवढा वेळ बरं वाटतं.

घरी आल्यावर करमत नाही. टीव्ही लावून जेवतो. शेजारच्या पार्वतीबाई भिंतीवर थापा मारतात, आवाज कमी करा म्हणून. म्हातारपणी एकेकाचे कान फार तिखट होतात.

तू वेळेवर जेवत जा. अंधार पडल्यावर कोणी बोलवायला आलं तर एकटी जाऊ नको, आशाताईंना सोबत घे.

तुझे,
नाना


उपकेंद्र, काठीजवळ
ता. अक्कलकुवा
२४ जानेवारी २०२५

ती. नानांस,
चारूचा नमस्कार.

पत्र मोलगीच्या पोस्टात येऊन पडलं होतं. बाजाराला गेलेल्या माणसानं आणून दिलं. पत्रावर तुमचं अक्षर बघून आधी घाबरले, मग दारात बसून दोनदा वाचलं.

इथं दिवस जातो, संध्याकाळ जात नाही. माझी खोली उपकेंद्राच्या मागेच आहे. पलीकडे साग आणि उतार. आशाताई रमिलाबाई अंधाराच्या आत त्यांच्या पाड्यावर निघून जातात. लोक घरात भिली बोलतात. मी शिकते आहे, पण माझं ऐकून बाया हसतात. हसल्या की मला बरंच वाटतं, निदान कोणीतरी माझ्याकडे बघून हसतंय.

परवा एका बाळंतिणीला झोळीत घालून चौघांनी खालच्या पाड्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. मी झोळीच्या बाजूनं चालत होते. रस्त्यावर मोलगीहून आलेली अँब्युलन्स उभी दिसली तेव्हा मी पळतच पुढे जाऊन तिचं दार उघडलं. इथं त्या गाडीची वाट बघणं म्हणजे काय, ते तुम्हाला विसरवाडीत बसून कळणार नाही. बाई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत.

नाना, एक विचारू का? रविवारी मी टेकडीवर जाऊन तीनदा फोन केला. रिंग पूर्ण जात होती. तुम्ही उचलला नाहीत. घरी नव्हतात का?

तुमची,
चारू


विसरवाडी
५ फेब्रुवारी २०२५

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन खाटेवर राहिला आणि मी अंगणात होतो. मनाला लावून घेऊ नको.

गाडी सध्या दारातच उभी आहे. ब्रेकचं काम निघालं. मिस्त्री आज येतो, उद्या येतो. मलाही गुडघ्याचा त्रास होता, तेवढाच आराम.

स्टँडवर सध्या एकच विषय. रूपचंदचं लायसन गेलं. दारू पिऊन ट्रक चालवताना महामार्गावर सापडला. कोर्टानं दंड केला आणि सहा महिने लायसन बंद. त्याच्या भाच्यानं पिकअपमध्ये माणसं भरून लग्नाला नेली, त्याचंही तीन महिने गेलं. मालाच्या गाडीत माणसं घातली की तसंच. सिग्नल तोडला, वेगात सापडला, गाडी चालवताना फोन कानाला लावला, सगळ्याला तीन महिने. कुंदन म्हणतो, "नाना, आते लायसन म्हणजे पाव्हना शे. कधी उठी जाई, सांगता येत नही." आपला तो कुंदन, माझ्यानंतर ज्याचा नंबर लागतो. सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं. धानोऱ्याहून उमाकांतकाका आला होता. जेवून लगेच गेला.

तुझे,
नाना


उपकेंद्र, काठीजवळ
१७ फेब्रुवारी २०२५

ती. नानांस,
नमस्कार.

गाडीला ब्रेकचं काम निघालेलं नाही. हे मला परक्या माणसाकडून कळावं?

काल मोलगीला मीटिंग होती. तिथं अँब्युलन्सचे ड्रायव्हर दिनेश भेटले. महिन्यापूर्वी ते विसरवाडीकडे बदली कामावर होते. माझं आडनाव ऐकून म्हणाले, "सिस्टर, विसरवाडीचे काळीपिवळीवाले रतिलाल नाना तुमचे कोण?" मी अभिमानानं म्हटलं, माझे वडील. त्यांनी विषय बदलला. मी विचारत राहिले, तेव्हा सांगितलं.

भुरीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईला पक्षाघाताचा झटका आला होता. तिला घेऊन ते नंदुरबारला निघाले होते. खांडबाऱ्याच्या अलीकडे अर्धा रस्ता खणलेला, एकच गाडी जाईल एवढी वाट. पुढे तुमची जीप. सायरन चालू, हॉर्न चालू, दिवे मारत होते. तुम्ही मध्ये दोन ठिकाणी सहज बाजूला होऊ शकला असतात. झाला नाहीत. वेगही वाढवला नाही. शेवटी काम संपलं तिथं त्यांनी खडीवरून गाडी घालून तुम्हाला ओलांडलं. त्यांनी तक्रार दिली आहे. द्यायलाच हवी होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली असती.

पक्षाघाताच्या रोग्याला मिनिटं मोजावी लागतात, नाना. ती बाई वाचली. उजवी बाजू गेली. लवकर पोचली असती तर वेगळं झालं असतं का, हे कोणीही डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण मला रात्रभर तेच दिसत होतं.

मी इथं झोळीबरोबर चालते, रस्त्याकडे डोळे लावून. आणि माझे वडील अँब्युलन्सला वाट देत नाहीत. मला दिनेशभाऊंच्या तोंडाकडे बघवलं नाही.

असं का केलंत?

चारू


विसरवाडी
२६ फेब्रुवारी २०२५

चि. चारू,

तू लिहिलंस ते खरं आहे. चूक माझी आहे.

खांडबाऱ्याला रेल्वेच्या पॅसेंजरची वेळ झाली होती, म्हणून रिकामाच निघालो होतो. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. मी फोनवर बोलत होतो. लक्ष नव्हतं. मागचा पडदा खाली होता म्हणून दिवे दिसले नाहीत. एवढंच.

पोलिसांनी बोलावलं म्हणून गाडी काही दिवस दारात होती, ब्रेकचं खोटं लिहिलं. दंड भरला. आरटीओची नोटीस आली आहे, लायसन का काढून घेऊ नये त्याचा खुलासा करा म्हणून. एप्रिलच्या शेवटी सुनावणी आहे. तिथंही मी हेच सांगणार. स्टँडवरचे म्हणतात फोनचं कारण दिलं की तीन महिने बंद ठेवतात, मग परत देतात. तीन महिने काढता येतील.

तुला खाली बघायला लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. माझा त्याच्यावर राग नाही, असं दिनेशला सांग.

नाना


उपकेंद्र, काठीजवळ
७ मार्च २०२५

ती. नानांस,

फोनवर? कोणाशी?

मी आठवड्यातून दोनदा टेकडी चढते. वर गेल्यावर एक दगड आहे, त्याच्यावर उभं राहिलं की रेंज येते. तिथून तुम्हाला फोन लावते. तुम्ही उचलत नाही. उचललात तर "हो, हो, बरं आहे" एवढं म्हणून ठेवता. मी मनाला समजवत होते की नानांना फोनवर बोलायची सवय नाही. आता कळलं की गाडी चालवताना, मागे मरणारं माणूस असताना, तुम्ही फोनवर बोलत असता. फक्त माझ्याशी बोलायचं नसतं.

आई होती तेव्हा तीच बोलायची, तुम्ही शेजारी बसून ऐकायचात. ती गेल्यावर आपल्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलं नसेल तर तसं सांगा. मी टेकडी चढणं बंद करीन.

काठीच्या होळीला माझी ड्यूटी आहे. तुम्ही यायचं म्हणत होतात, येऊ नका. मला वेळ मिळणार नाही.

चारू


उपकेंद्र, काठीजवळ
२२ मार्च २०२५

ती. नानांस,
चारूचा साष्टांग नमस्कार.

मी न कळवता घरी आले आणि दोन दिवसांत निघून गेले. तिथं बोलले नाही ते इथून लिहिते आहे. समोर बसून लिहिता आलं असतं, पण तुमचा चेहरा बघून हात चालला नसता.

होळीची ड्यूटी संपली ती सकाळी. रात्रभर ढोल, घुंगरं, मोरपिसांचे टोप, हजारो माणसं, आणि मी औषधांच्या पेटीजवळ एकटी बसलेली. उजाडता उजाडता होळी पेटली तेव्हा सगळे आपापल्या माणसांजवळ सरकले. मला वाटलं, भांडायचं तर भांडायचं, पण घरी जायचं.

मी दारात आले तेव्हा तुम्ही पाठमोरे बसून कांदा चिरत होतात. मी "नाना" म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं. पिशवी जमिनीवर आपटली. तुम्ही वळला नाहीत. पार्वतीबाई त्यांच्या दारातून म्हणाल्या, "पुढे जाईसन उभी ऱ्हाय पोरी. नानाले तसं समजत नही." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला कळलं, सगळ्या आळीला माहीत आहे. मलाच माहीत नव्हतं.

दोन दिवस मी बघत होते. तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हतात, ओठांकडे बघत होतात. चहा करताना माझी पाठ होती. मी विचारलं, "सुनावणीनी तारीख कधी शे?" तुम्ही म्हणालात, "साखर वरना डब्बामां शे." मी साखर काढली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

मी नर्स आहे नाना. रोज दहा जणांचे कान, डोळे, छाती बघते. मला फोन न उचलणारा बाप दिसला, बाकी काही दिसलं नाही. मागच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाका.

तुम्ही त्या दिवशी फोनवर नव्हता. तुम्हाला सायरन ऐकू आला नाही.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. मी अक्कलकुव्याच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. प्रवासी गाडीसाठी डॉक्टरला लिहून द्यावं लागतं की या माणसाला साधा हॉर्न ऐकू येतो. आजारानं किंवा अपंगत्वानं माणूस चालवायला योग्य राहिला नाही असं वाटलं तर आरटीओ मध्येच तपासणी मागू शकतं, लायसन रद्दही करू शकतं. म्हणजे तुम्ही खरं सांगितलंत तर प्रवासी गाडीचा बिल्ला जाईल. पण स्वतःची लहान गाडी कानाला यंत्र लावून चालवायला कायदा परवानगी देतो.

सुनावणीत खरं सांगा. तीन महिन्यांनी तुम्ही परत त्याच रस्त्यावर त्याच कानांनी जाणार, मग मागून कोण येत असेल?

तुमची,
चारू


विसरवाडी
१ एप्रिल २०२५

चि. चारू,

तू शिकलीस ते चांगलं झालं. पण माझे कान मोजायला मी तुला बोलावलं नव्हतं.

तीस वर्षं गाडी चालवतो. माणूस सोड, कोंबडीही माझ्या चाकाखाली आली नाही. कान कमी झाले ते एका दिवसात झाले नाहीत. मी त्याच्यावर रस्ता काढला होता. माणसं बसली की आरशात त्यांचे ओठ दिसतात. उतरायचं असलं की खांद्यावर हात ठेवतात, सगळ्यांना सवय झाली आहे. स्टेअरिंगवर हात असला की इंजिन हातातून कळतं. त्या दिवशी गाडी रिकामी होती म्हणून घात झाला. एक माणूस जरी बसलेलं असतं तरी त्यानं मला सांगितलं असतं.

तू म्हणतेस बिल्ला जाईल. किती सोपं लिहिलंस. बिल्ला गेला तर मी सकाळी उठून काय करू? तुझी आई गेल्यानंतर चौदा दिवस घरात बसलो होतो. पंधराव्या दिवशी गाडी काढली, पहिल्या फेरीला एक म्हातारी शेजारी बसली, तिनं काही न बोलता माझ्या हातावर दोन बोरं ठेवली. तेव्हा मी जेवलो. माझ्या गाडीत माणसं येऊन बसतात, चारू. ती काय बोलतात ते मला ऐकू येत नाही. पण ती बसलेली असतात. घरी कोण येऊन बसतं?

मी फोनवर होतो असंच सांगणार आहे. तीन महिने जातील. पुढे पडदे काढून टाकीन, मोठे आरसे लावीन. तुला आरटीओला कळवायचं असेल तर कळव. मग मला मुलगी होती असं मी म्हणणार नाही.

नाना


उपकेंद्र, काठीजवळ
११ एप्रिल २०२५

ती. नानांस,
नमस्कार.

मी कोणाला काही कळवणार नाही. शेवटचं वाक्य तुम्ही लिहायला नको होतं, पण लिहिलंत, असू दे.

घरी आले तेव्हा दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला म्हणून गेले आणि उशिरा आले, आठवतं? मी भुरीबाईंच्या पाड्यावर गेले होते. त्यांचा मुलगा वाहरू भेटला. मी कोणाची कोण ते सांगितलं. तो माझ्याशी वाईट वागला नाही. त्यानं मला एक गोष्ट सांगितली. ती मी लिहून पाठवली तर तुम्हाला वाटेल, मुलगी कोंडीत पकडते आहे. तुम्ही स्वतः जाऊन त्याला भेटा. सुनावणीच्या आधी एकदा. मग जे सांगायचं ते सांगा, मी काही म्हणणार नाही.

इथं मोहाची फुलं पडायला लागली आहेत. पहाटे सगळा पाडा टोपल्या घेऊन झाडांखाली असतो. माझ्या खोलीत कोणी नसतं म्हणून मीही जाऊन वेचत बसते. रमिलाबाई म्हणतात, सिस्टरला वेचता येत नाही, नुसती बसते.

चारू


विसरवाडी
२९ एप्रिल २०२५

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

सुनावणी झाली. तू वाट बघत असशील म्हणून आधी तेच लिहितो. बिल्ला जमा केला.

आता सगळं सांगतो.

वाहरूकडे जायला मी किती दिवस लावले ते विचारू नको. सुनावणीच्या आदल्या दुपारी गेलो. भुरीबाई बाहेर खाटेवर होती. मला बघून तिनं डावा हात उचलला. राम राम करत होती की जा म्हणत होती, कळलं नाही. वाहरूनं पाणी दिलं. घरात ते मावची बोलतात, माझ्याशी तो नेहमी अहिराणीत बोलतो. वर्षानुवर्षं त्याला, त्याच्या आईला बाजाराला नेलं आहे. एकदा त्याची शेळी आजारी पडली तीसुद्धा नेली.

मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, हळू बोल. तो म्हणाला, "मी अँब्युलन्समां पुढे बशेल व्हतू. पुढे जीप दिसनी. डायव्हर चिडी ऱ्हायंथा. मी त्याले सांगं, चिडू नको, हाई तं आपला नानानी गाडी शे. नाना आते बाजू दी."

चारू, नाना आता वाट देईल, असं तो सबंध रस्ता म्हणत राहिला होता. आते दी, आते दी. आई मागे पडलेली आणि तो ड्रायव्हरला माझी हमी देत होता.

मग थांबून त्यानं विचारलं, "नाना, तू आमनावर रागमां व्हता का? आमनं काही चुकनं का?"

तीन महिने तो हेच शोधत होता. भाड्यावरून काही झालं होतं का, त्याची बायको काही बोलली होती का. मला दगड मारला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "वाहरू, माले ऐकू येस नही." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी म्हटलं. त्याला आधी पटेना. मग त्यानं आईकडे वळून तिच्या भाषेत सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

तरीही दुसऱ्या दिवशी नंदुरबारला जाताना माझं मन डळमळत होतं, खोटं कशाला बोलू. फोनचं उत्तर तोंडात तयार होतं. साहेब चांगले वाटले. पण ते कागदात बघून विचारत होते. मला त्यांचे ओठ दिसेनात. त्यांनी काही विचारलं, मी गप्प. पुन्हा विचारलं. बाजूचा माणूस माझ्याकडे बघायला लागला. "हो साहेब" म्हटलं असतं तरी चाललं असतं, कारण ते फोनचंच विचारत असणार. मी म्हटलं, "साहेब, वर बघून बोला. मला ऐकू येत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'याचा परिणाम काय होईल ते तुम्हाला समजतं का?' मी म्हटलं, माझी मुलगी नर्स आहे, तिनं समजावलं आहे. ते म्हणाले, सिव्हिल हॉस्पिटलची तपासणी होईल, अहवाल आला की हुकूम निघेल, तोपर्यंत गाडी चालवायची नाही. वरच्या ऑफिसात दाद मागता येते तेही सांगितलं. मी म्हटलं, मागणार नाही. शर्टावरचा बिल्ला काढताना पिन अडकली. साहेबांनीच काढून दिली.

येताना एसटीनं आलो. खिडकीजवळ बसलो. शेजारी एक माणूस होता, तो काहीतरी बोलत होता, मी मान हलवत होतो. खांडबाऱ्यानंतर तो उतरला.

मागच्या पत्रात मी जे शेवटी लिहिलं ते मनात ठेवू नको.

तुझे,
नाना


उपकेंद्र, काठीजवळ
९ मे २०२५

ती. नानांस,
चारूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून मी बाहेर जाऊन बसले. पेशंट होता, रमिलाबाईंनी त्याला थांबवून ठेवलं.

तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तुम्ही त्या एसटीत मान हलवत बसलेले दिसता. मी तुम्हाला बरोबर गोष्ट करायला सांगितली आणि तिची किंमत तुम्ही एकट्यानं दिलीत. मी तिथं नव्हते.

जूनमध्ये रजा मागितली आहे. आपण कानाची नीट तपासणी करू, यंत्र घेऊ, सवय होईपर्यंत मी राहीन. नंतर इथं माझ्याकडे चला. खोली लहान आहे, पण दोन खाटा बसतील. संध्याकाळी कोणी असेल तर मला बरं वाटेल. हे तुमच्यासाठी म्हणत नाही, माझ्यासाठी म्हणते आहे.

तुमची,
चारू


विसरवाडी
६ जुलै २०२५

चि. चारू,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुला सोडायला घेतलेली उमाकांतकाकाची गाडी धानोऱ्याला परत देऊन आलो. तो विचारत होता, एवढ्या लांबून डोंगरातून एकट्यानं कशी आणलीस. मी लायसन दाखवलं. आता त्यावर फक्त खासगी लहान गाडी आहे, तीही कानाला यंत्र लावून.

तू रजेवर होतीस तोपर्यंत यंत्राचं काही वाटलं नाही. तुझा आवाज तुझ्या आईसारखा झाला आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. तू गाणं म्हणत भांडी घासतेस हेही ठाऊक नव्हतं. आता घरात यंत्र लावलं की नळ ऐकू येतो, पंखा ऐकू येतो, माझ्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. घरात दुसरं कोणी नाही हे पूर्वी नुसतं माहीत होतं, आता ऐकू येतं. संध्याकाळी काढून ठेवतो. पार्वतीबाईंनी टीव्हीसाठी थापा मारणं बंद केलं, त्याचंही चुकल्यासारखं वाटतं.

जीप कुंदननं घेतली. बाया अजून चढताना पुढे बघतात आणि कुंदन दिसला की मागे जाऊन बसतात, असं तो सांगत होता. माझं मन राखायला सांगत असेल. वाहरूकडे अधूनमधून जातो. भुरीबाईच्या तोंडून आता एखादा शब्द येतो. मला तो कळत नाही. वाहरूला विचारलं तर म्हणतो, त्यालाही कळत नाही.

तुझ्याकडे राहायला यायचं मी नाही म्हटलं, त्यानं तू नाराज झालीस. तुझ्या खोलीत बसून तुझी वाट बघणं, एवढंच काम मला तिथं उरेल. ते आजच नको. दिवाळीनंतर बघू.

परतीचं सांगतो. तुला उपकेंद्रावर सोडलं, तू आत गेलीस. शेजारची सीट रिकामी झाली. देवगोई घाटात धुकं होतं, पुढचं दहा हातही दिसत नव्हतं. काचा उघड्या ठेवून हळूहळू उतरत होतो. एका वळणावर मागून हॉर्न आला. आधी वाटलं, भास झाला. मग परत आला, लांबून, वळणाच्या वरून. मी गाडी दरडीच्या बाजूला घेतली आणि थांबलो. मोलगीची एसटी होती. जाताना ड्रायव्हरनं हात वर केला. मीही केला.

ती दिसेनाशी झाली, तिचा आवाज मात्र खाली वळणावळणानं बराच वेळ येत होता. मी इंजिन बंद करून तो संपेपर्यंत ऐकला. मग निघालो.

तुझे,
नाना